नववी पायरी

त्या शनिवारी सकाळी साडेनऊला मी संगणकासमोर बसले तेव्हा चांगली खुशीत होते. हे मला पक्कं आठवतं, कारण ती खुशी जेमतेम चार मिनिटं टिकली.

भाचीनं एक फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "मावशी, बघ, भिंतीवर लागलीस तू!"

माझ्या वयाच्या बाईनं असलं वाक्य जरा जपूनच वाचावं. मी फोटो मोठा केला. एका लहानशा दवाखान्याची खोली, भिंतीला अर्ध्यापर्यंत हिरवा रंग, कोपऱ्यात माणसाच्या खांद्याइतका उंच पांढरा फ्रीज. फ्रीजच्या दारावर दुरुस्तीवाल्याचं स्टिकर, आणि शेजारी भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले दोन छापील कागद. ते माझं पान होतं. मी लिहिलेल्या चौदा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीपुढे निळ्या पेनानं केलेली बरोबरची खूण. चौदाच्या चौदा.

पान कशाचं ते सांगते. माझी भाची आणि तिच्यासारखी चार-पाच माणसं, जी एकमेकांना कधी भेटलेलीसुद्धा नाहीत, त्यांनी मिळून एक प्रोग्रॅम केला आहे. त्याचं नाव जागल्या. पुस्तकाएवढ्या छोट्या संगणकावर तो चालतो. त्याची एक तार फ्रीजच्या आत सोडायची. आतलं तापमान आठ अंशांच्या वर गेलं की जागल्या भोंगा वाजवतो आणि मोबाइलवर निरोप धाडतो. ज्या लहान दवाखान्यांत लशी ठेवतात आणि रात्रंदिवस पहाऱ्याला माणूस ठेवणं परवडत नाही, त्यांच्यासाठी हा खटाटोप. प्रोग्रॅम फुकट आहे आणि त्याच्या पोटातलं सगळं लिखाण खुलं आहे. ज्याला हवा त्यानं न्यावा, ज्याला जमेल त्यानं सुधारावा. कोण नेतं, किती जण नेतात, याची नोंद कुणी ठेवत नाही. "तेच तर याचं मोठेपण आहे, मावशी," असं भाचीनं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं.

अडचण एकच होती. नवीन माणसं यायची, तिसऱ्या ओळीला अडकायची आणि निघून जायची. "आम्हाला सगळं येतं ना, म्हणूनच आम्हाला लिहिता येत नाही," भाची म्हणाली. "तू टेलिफोन एक्सचेंजमध्ये नव्या मुलींसाठी वही लिहायचीस ना? तशी एक लिही."

मग मी लिहिली. माझी पद्धत जुनीच. एकेक गोष्ट स्वतः हातानं करायची आणि केली की लगेच लिहायची, आठवणीनं काही लिहायचं नाही. भाचीनं एक छोटा संगणक आणि तार पाठवून दिली, ती मी आमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजला लावली. दोन महिने खपले. संगणक कसा लावायचा, तार कुठून आत घ्यायची, दार बंद होताना ती चेपणार नाही हे कसं पाहायचं, सगळं लिहिलं. लोकांनी डोक्यावर घेतलं. जागल्या वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर मला सगळे आजी म्हणायला लागले. नव्यानं आलेल्या माणसाला "आधी आजींचं पान वाच" असंच सांगायचे.

फोटो ज्या बाईनं काढला होता ती ग्रुपवर स्वतःला शेवटचा थांबा म्हणवून घ्यायची, कारण डोंगरावर जिथं बस संपते तिथं तिचा दवाखाना होता आणि ती तिथली एकटीच नर्स. तिनं फोटोखाली लिहिलं होतं: "आजी, तुमचं पान वाचून काल सगळं एकटीनं लावलं. एकही पायरी चुकवली नाही. आता बसमध्ये बसलेय. बहिणीचं बाळंतपण आहे, दोन दिवस तिच्याकडे. सोमवारी लस द्यायची आहे, एकतीस बाळं येतील. चार वर्षांत पहिल्यांदा फ्रीजची काळजी न करता बाहेर पडले. तुमच्यामुळे."

डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, एवढ्या म्हातारपणी कुणाच्या तरी कामी आले. तिच्या खुणा डोळे भरून पाहाव्यात म्हणून पडद्यावर बोट ठेवून एकेक पायरी वाचत खाली गेले. ही बोट ठेवायची सवयही एक्सचेंजमधलीच.

सात, आठ. नऊ.

नववी पायरी होती: "आता दार उघडून चाचणी घ्यायची आहे. भोंग्याचा त्रास होऊ नये म्हणून आधी ही आज्ञा देऊन तो गप्प करा." बरोबरची खूण. दहावी: दार उघडा, पडद्यावरचा आकडा चढतो का पाहा. खूण. अकरावी: आठच्या वर गेला की लाल अक्षरं येतात, ती आली का पाहा. खूण. बारावी, दार बंद करा. तेरावी, मोबाइलचा नंबर भरा. चौदावी: "झालं. आता निर्धास्त राहा."

माझं बोट पुन्हा वर गेलं. नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा. मग परत. भोंगा पुन्हा बोलता करायची पायरी नव्हती.

कुठेच नव्हती.

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजचं दार सताड उघडलं आणि जागल्याच्या पडद्याकडे बघत उभी राहिले. आमचे हे टेबलाशी शब्दकोडं सोडवत बसले होते.

"काय हरवलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग दार कशाला उघडं? दूध नासेल."

आकडा चढत होता. सहा. सात. साडेसात. आठ. लाल अक्षरं आली आणि थरथरत राहिली. भोंगा अवाक्षर बोलला नाही. निरोपही आला नाही. आकडा नऊवर गेला. दहावर गेला. खोलीत फक्त त्यांच्या पेन्सिलीचा आवाज.

आणि मग मला आठवलं. पहिल्यांदा चाचणी घेतली तेव्हा भोंगा असा काही किंचाळला की हे खुर्चीतून उडाले होते. त्यांच्या छातीचं दुखणं नुकतंच कुठं आटोक्यात आलेलं. "अगं, घरात अँब्युलन्स बाळगलीस की काय!" म्हणाले. म्हणून दुसऱ्या वेळी मी आधी तो गप्प केला, आणि केलं ते लगेच लिहिलं. नंतर बोलता केलाच नाही. आमच्या फ्रीजमध्ये असतं काय? दूध, भाजी आणि ह्यांचे डोळ्यांत घालायचे थेंब. त्याला पहारा कशाला? मी केलं नाही, म्हणून मी लिहिलं नाही. माझी पद्धत अशी चोख.

पान इंटरनेटवर लागून सात महिने झाले होते. पानाखालचा आकडा सांगत होता की एकोणीसशे वेळा ते उघडलं गेलं. त्यातल्या कितीजणांनी शेजारी छोटा संगणक ठेवून, बोट ठेवून, एकही पायरी न चुकवता जागल्याच्या तोंडात बोळा कोंबला होता, देव जाणे.

मी भाचीला फोन लावला. रविवारशिवाय मी फोन करत नाही, त्यामुळे तिनं उचलल्या उचलल्या विचारलं, "काकांना काय झालं?"

"त्यांना काही नाही. नववी पायरी बघ."

"कुठली?"

"माझ्या पानावरची. भोंगा गप्प करायची. गप्प केला की तो आपोआप कधी बोलायला लागतो?"

ती संगणकावर बघायला लागली. मला तिच्या बोटांचा टकटक आवाज ऐकू येत होता. मग तो थांबला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तो आपोआप बोलत नाही. सांगावं लागतं. आम्ही सगळे चाचणी झाली की लगेच सांगतो, ते... ते हाताला सवयच आहे गं."

"सवय तुम्हाला. पान वाचणाऱ्याला कुठली सवय?"

"निरोप तरी जात असेल..." आणि मग स्वतःच म्हणाली, "नाही. गप्प म्हणजे निरोपही नाही. अरे देवा!"

तिचं 'अरे देवा' ऐकलं आणि उरलीसुरली आशा संपली. तोवर मला कुठंतरी वाटत होतं की मी म्हातारी, माझंच काहीतरी चुकत असेल, ती हसून म्हणेल, मावशी, तू पण ना.

"आत्ताच्या आत्ता पान दुरुस्त करू," ती म्हणाली. "वर ठळक सूचना टाकू. मी लिहिते: पानात काही सुधारणा केल्या आहेत, जुन्या वाचकांनी पुन्हा एकदा पाहून घ्यावं."

"काही सुधारणा?"

"मग काय लिहू? लोक घाबरतील, मावशी. आणि चूक तुझी नाहीच. प्रोग्रॅमनं तासाभरानं आपणहून जागं व्हायला हवं होतं. ती चूक आमची."

मी एकोणीस वर्षांची असताना एक्सचेंजमध्ये लागले. आमच्या मोठ्या बाईंनी लिहिलेली एक जाड वही होती, कापडी पुठ्ठ्याची. नव्या मुलीनं पहिले पंधरा दिवस वहीत असेल तेवढंच करायचं, मनचं काही नाही, असा नियम. एकदा दुपारी मला तारांची टोकं पुसायला बसवलं. वहीत लिहिलं होतं, पुसताना घंटी खणखणू नये म्हणून तिच्या टोल्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालावा. मी घातला. टोकं पुसली. तुकडा काढावा असं वहीत नव्हतं, मी काढला नाही. सगळ्याजणी पुसून झालं की तो काढूनच उठायच्या, त्यामुळे ते लिहावं असं कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वीस मिनिटं लाकूड कापायच्या कारखान्याची लाइन वाजत राहिली आणि कुणाला ऐकू आली नाही. साहेब संतापून खाली आले, नवी कोण म्हणून ओरडले, मी उभी राहिले. आणि माझ्या आधी मोठ्या बाई उभ्या राहिल्या. वही दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "पोरीनं वहीत होतं ते केलं. वही माझी आहे."

"तू लिहू नकोस," मी भाचीला म्हटलं. "मी सांगते ते टाक. 'नवव्या पायरीत चूक आहे. हे पान वाचून जागल्या लावला असेल तर तुमचा भोंगा आत्ता मुका आहे. फ्रीज बिघडला तरी तो वाजणार नाही. पुढची आज्ञा लगेच द्या. कागदावर छापून घेतलं असेल तर तो कागद फाडा. पान मी लिहिलं, चूक माझी.' खाली आजी."

"मावशी, अगं..."

"टाक."

तिनं टाकलं. सव्वादहा वाजले होते. पण शेवटचा थांबा बसमध्ये होती. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला होता. भाची म्हणाली, त्या डोंगरात मोबाइल लागत नाही, ती बहिणीकडे पोचेपर्यंत संध्याकाळ होईल.

"तिचं नाव काय? दवाखान्याचा नंबर?"

"मावशी, आमच्याकडे कुणाचं नाव नसतं. असलं तर टोपणनाव. मागायचं नाही असं आम्हीच ठरवलंय."

मोठेपण, म्हणे.

मी परत फोटो उघडला. एकतीस बाळं. बिघडलेली लस बाटलीकडे पाहून ओळखू येतेच असं नाही. सोमवारी ती बाई परत येणार, फ्रीज तोवर थंडही झालेला असणार किंवा नसणार, आणि एकतीस आया पोरांना पोटाशी धरून समाधानानं घरी जाणार की आता आपलं बाळ सुरक्षित झालं. हे मनात आलं आणि मी फोटो आणखी मोठा केला.

तेव्हा ते स्टिकर दिसलं. दुरुस्तीसाठी संपर्क, आणि नंबर. सगळे आकडे स्पष्ट, फक्त शेवटच्या आकड्यावर चिकटपट्टीची दुमडलेली कड आली होती.

"अहो, भिंग आणा तुमचं."

ह्यांनी भिंग लावून पाहिलं. "शून्य असेल. किंवा सहा. आठही असेल."

"दहाच तर आहेत," मी म्हटलं. "एक्सचेंजमध्ये याहून वाईट दिवस काढलेत."

शून्य लावलं, असा नंबरच नव्हता. एकला घंटी वाजून वाजून थांबली. दोनला एक बाई खेकसली, "आई, पोचले की करते म्हटलं ना! चार वेळा काय तेच!" आणि माझं ऐकायच्या आत ठेवून दिला. तीनला एका म्हाताऱ्याला वाटलं मी त्याची बहीण, आणि त्याची समजूत घालण्यात दोन मिनिटं गेली. चार बंद होता. हा बंद असलेलाच दुरुस्तीवाला असेल तर? मी चारपुढे फुली मारली. पाच कुणी उचलला नाही.

सहा.

"बोला."

"तुम्ही फ्रीज दुरुस्त करता ना? डोंगरावर बस संपते तिथल्या दवाखान्यात तुमचं स्टिकर आहे."

"आहे. का? बिघडला?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"तेच तर. बिघडला तरी कुणाला कळू नये अशी व्यवस्था मी करून ठेवलीय."

तो सावकाश, वेड्या माणसाशी बोलतात तसं, "बाई, तुम्ही बोलताय कुठून?"

मी शहर सांगितलं. ते त्यानं ऐकलेलं नव्हतं. मग मी सगळं सांगितलं, भोंगा, पान, नववी पायरी, एकतीस बाळं. माझा आवाज अजून ऑपरेटरचा आहे, घाबरला तरी शब्द तुटत नाहीत.

"सिस्टर गेली का?" त्यानं शेवटी विचारलं.

"सकाळच्या बसनं."

"म्हणजे घाईत गेली." त्याचा आवाज बदलला होता. "त्या फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालंय. नवीन मागवून दोन महिने झाले, येतंय कुठं! दार लावलं की खालून गुडघ्यानं एक धक्का द्यायचा, तेव्हा कुठं बसतं. नाहीतर बोटभर फट राहते."

"हे लिहून ठेवलंय कुठं?"

"लिहायचं काय त्यात? गुडघ्यानं ढकलायचं. तिला माहितेय, मला माहितेय."

मला ओरडावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडानं ओरडणार?

"तुम्ही जाता का?" मी विचारलं.

"किल्ली शेजारच्या दुकानात असते. पाऊण तास लागेल वर जायला. चार घास खातो नि निघतो."

"आधी निघा."

"अगदी माझ्या आईसारख्या बोलता की."

"तुमच्या आईपेक्षा जास्त घाबरलेय."

तो हसला नाही. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

पाऊण तास. मी फोनशेजारी बसले. ह्यांनी चहा केला, तो माझ्यापुढे निवला.

"म्हणजे हे माझ्यामुळे झालं," ते म्हणाले. "मी त्या दिवशी दचकलो नसतो तर..."

"दचकण्यासाठीच असतो तो. गप्प मी केला."

कारखान्याची लाइन वीस मिनिटं का वाजत होती ते मला दुसऱ्या दिवशी कळलं होतं. एकाचा हात करवतीत गेला होता आणि डॉक्टरला बोलवायला ते फोन करत होते. माणूस वाचला. हात कोपरापासून गेला. पुढे कितीतरी वर्षं तो मला रस्त्यात दिसायचा, शर्टाची उजवी बाही दुमडून टाचणी लावलेली. ओळखत नव्हता मला. एकदा त्यानं मला भाजीच्या दुकानात आधी जायला वाट करून दिली, डाव्या हातानं. वही माझी नव्हती, मोठ्या बाईंनी ते सगळ्यांसमोर सांगितलंही होतं, तरी त्या बाहीसमोर मला कधी मान वर करता आली नाही. पुढे वही माझ्याकडे आली तेव्हा मी शपथच घेतली होती की 'घाल' लिहिलं की त्याच्याच खाली 'काढ' लिहायचं. तीस वर्षं पाळली. आणि आता, जिथं पुठ्ठा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, तिथं विसरले.

एकावन्न मिनिटांनी फोन वाजला.

"पोचलो," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "उघडं होतं."

"किती?" मी विचारलं.

"बोटभर. तुमचा तो डबा लाल अक्षरं दाखवत नाही अजून. सात पॉइंट सहा."

"सात?"

"सात पॉइंट सहा. आता लावलं दार. गुडघ्यानं."

आठच्या आत. चार दशांशांनी आत. मी डोळे मिटले. मग त्याला तिथंच थांबवून, त्या छोट्या संगणकावर एकेक अक्षर सांगत भोंगा बोलता करायची आज्ञा द्यायला लावली. त्याची बोटं जाड, दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा झालं.

"आता दार उघडा," मी म्हटलं.

"अहो, आत्ताच तर लावलं!"

"उघडा. आवाज ऐकल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही. तार हातात धरा म्हणजे लवकर तापेल, लशी गरम होणार नाहीत."

मिनिटभरानं फोनमधून ती किंकाळी आली. ह्यांच्यापर्यंत पोचली, ते पुन्हा खुर्चीतून अर्धे उठले. असा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

"बहिरं करता की काय!" पलीकडून तो ओरडत होता.

"भिंतीवरचा कागद काढा," मी म्हटलं. "फाडून टाका. आणि पेन असेल तर दारावर लिहा, गुडघ्यानं ढकला म्हणून."

"लिहितो, लिहितो. जेवू का आता?"

संध्याकाळी शेवटचा थांबा पोचली. सूचना वाचली, दुरुस्तीवाल्याशी बोलली, बहिणीला मुलगी झाल्याचं कळवलं आणि मला एकच ओळ लिहिली: "आजी, दार मी गुडघ्यानं ढकललं होतं असं मला अजून वाटतंय." मी लिहिलं, "मलाही माझ्या पानाबद्दल तसंच वाटत होतं."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी उत्तरं येत राहिली. आमचाही मुका होता, आता बोलतोय. आमचाही. आमचे दोन होते, दोन्ही. बावीस, तीस, छत्तीस. प्रत्येक उत्तराला आधी छातीत धस्स व्हायचं, मग हायसं. एकानं लिहिलं, आजी, तुम्ही घाबरवून सोडलंत. मी म्हटलं, तेवढंच हवं होतं.

सदतिसावं उत्तर एका शाळेच्या दवाखान्यातलं होतं. "आमचा फ्रीज मागच्या महिन्यात शुक्रवारी बंद पडला, सोमवारी कळलं. सगळा साठा फेकला. भोंगा वाजलाच असणार, शिपायानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, असं सगळ्यांनी धरलं. तो नाही नाही म्हणत होता. त्याला दुसरीकडे पाठवलं."

मी ते तीन वेळा वाचलं, बोट ठेवून. मग त्यांच्याकडून पत्ता मागून घेतला आणि शिपायाच्या वरिष्ठांना कागदावर, शाईनं पत्र लिहिलं. शेवटी लिहिलं, त्यानं ऐकलं नाही कारण ऐकण्यासारखं काही नव्हतं. पान माझं आहे. पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही.

पानाला आता सोळा पायऱ्या आहेत. भाचीनं प्रोग्रॅमही बदलला, गप्प केला तर तासाभरानं आपणहून बोलतो. पण जुना नेलेल्यांकडे जुनाच आहे. एकोणीसशे वेळा उघडलेलं ते पान, त्यातली सदतीस माणसं बोलली. बाकीचे कोण? नुसते डोकावून गेलेले असतील. की कुठल्यातरी हिरव्या भिंतीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, निळ्या खुणा केलेला माझा कागद अजून टांगलेला आहे आणि त्याच्या तळाशी माझ्याच शब्दांत लिहिलंय, आता निर्धास्त राहा? रोज सकाळी उठून मी आधी ग्रुप पाहते. अडतिसावं उत्तर आलंय का. यावं असंही वाटतं आणि उघडायची भीतीही वाटते.

शेवटची पायरी आता अशी आहे: "दार उघडं धरून उभे राहा. भोंगा किंचाळेपर्यंत हलू नका. किंचाळला नाही तर काम झालेलं नाही."

आमच्या स्वयंपाकघरातलाही बोलता केलाय. हे थंड पाण्याची बाटली शोधताना दार उघडं धरून विचार करत उभे राहतात, ती त्यांची जुनी खोड, आणि तो ओरडतो.

"बंद कर गं ते!" आतून हाक येते.

"तुम्ही दार बंद करा," मी म्हणते, आणि त्यांनी ते केल्याचा आवाज ऐकेपर्यंत हातातलं काम तसंच धरून बसते.